स्कोअरशीटवरचे ते दोन गुण

रविवार, संध्याकाळ.
बरेच महिने इथे लिहिलं नाही, माफ करा. आजही थकूनच लिहिते आहे.

आज आमच्या कॉलेजात शालूचा सत्कार होता. कॉलेजच्या बास्केटबॉल संघातून ती एका कंपनीच्या संघात गेली, बारा वर्षं पगारावर खेळली. आता गुडघे गेले, म्हणून निवृत्त. मी तेव्हा स्कोअर लिहायचे.

भाषणात ती म्हणाली, "फायनलला सर्वांत जास्त गुण माझे होते, म्हणून निवड झाली."

कागदावर ती संघातल्याच वंदनापेक्षा एकाच गुणाने पुढे होती. पण शेवटची बास्केट वंदनाची. गडबडीत मी ती शालूच्या नंबरापुढे लिहिली. घरी गेल्यावर लक्षात आलं, तरी गप्प राहिले.

वंदना आज माझ्या शेजारीच टाळ्या वाजवत होती. म्हणाली, "काऊन वं, तोंड काऊन उतरलं तुयं? मले नाई घेतलं ते बरंच झालं, माये गुडघे तं वाचले!"

मीही हसले.

शालूची मेहनत खरीच आहे. पण आता सांगायचं ते वंदनासाठी, की माझं ओझं उतरावं म्हणून? तुम्ही सांगितलं असतं?

उद्याचं काम: पिपरी मेघेला वंदनाच्या घरी जाणे.