बारा महिन्यांचं काम

आम्ही सिकंदराबादला राहायचो आणि मी जामबागच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. उदारीकरण येऊन काही वर्षं झाली होती. आई ज्या सरकारी संस्थेत झाडलोट करायची, तिथलं काम ठेकेदाराला देऊन टाकलं होतं. झाडू तोच, जिने तेच, पण नोकरी तिची राहिली नव्हती. ताप आला की खाडा, आणि दोन खाडे झाले की तिच्या जागी दुसरी बाई.

त्याच इमारतीत गरिबी हटवण्याच्या उपायांवर परिसंवाद ठरला. आमच्या सरांनी आम्हा चौघींना सूचना लिहून घ्यायला नेलं. आई निळी साडी नेसून दाराशी उभी होती. बरोबर मैत्रिणी होत्या, म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. आजही आठवलं की माझाच राग येतो.

दिल्लीहून आलेले एक साहेब तासभर बोलले. बाजार वाढला की रोजगार वाढेल, लोकांनी कायमच्या नोकरीचा हट्ट सोडावा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही सुचवायचंय?

"मेरेकू बोलना है, साब." आवाज आईचा होता.

माना वळल्या. पदर खोचत ती पुढे आली.

"जो काम बारा महिने चलता, वो करनेवाली कू बारा महिने की नौकरी होना. बीमार पडे तो पगार नक्को काटो. बुढापे में पेन्शन होना. इत्ता लिख लेव."

कुणीतरी हसलं. साहेबही हसले. "अम्मा, सरकार इतना पैसा लाएगी कहाँ से?"

"पैले जहाँ से लाती थी, वहींच से. अब ठेकेदार कू देरै ना? वोइच हमकू देव."

मी वहीत तिन्ही गोष्टी लिहिल्या. शेजारची कुजबुजली, "कोण गं ही?"

"माझी आई," मी म्हणाले. मुद्दाम मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं आईला फाटकावरूनच परत जायला सांगितलं. ती गेली नाही, तिथेच बसली. आतल्या सात बायका झाडू टाकून बाहेर आल्या आणि तिच्याजवळ बसल्या. बातमी कळताच मी सिकंदराबादच्या घरून तडक तिथे पोचले.

"तू कॉलेजात जा," आई म्हणाली.

"नाही जात."

"मग नीट बस. रस्त्यात पाय पसरू नको."

बसल्याच्या तिसऱ्या दिवशी संस्थेचे अधिकारी स्वतः खाली आले. आईला कामावर परत घेतलं. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा लेखी मिळाली. कायम मात्र कुणीच झालं नाही. आई म्हातारी झाली ती पेन्शनशिवाय, आणि याबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही.

असल्या मागण्या व्यवहार्य नसतात, असं लोक मला अजून समजावतात. मी त्यांना विचारते, तुम्ही कधी फाटकाशी तीन दिवस बसलायत का?