बोक्यावरचा आळ

माझ्या बोक्यावर खुनाचा आळ आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दुसऱ्याच एका मांजराला खुनाचा तपास करायला लावत होते.

मी मांजरांच्या रहस्यकथा लिहिते. कोल्हापुरातली एक गल्ली, त्या गल्लीतल्या दोन मांजरी आणि तिथं होणारे लहानमोठे गुन्हे. माझ्या मांजरी बोलतात, तेही इथल्या खणखणीत बोलीत, तोंडावर ताबा न ठेवता. माणसांना ते ऐकू येत नाही. म्हणून शेवटी त्या कुणाच्या तरी पायात घुटमळून, एखादं पातेलं पाडून माणसांना गुन्हेगारापर्यंत नेतात. पुस्तकं बऱ्यापैकी वाचली जातात. लग्नाकार्यात कुणी विचारतं, "मांजरवाल्या बाई तुम्हीच का?" मी हो म्हणते आणि यानं हे का विचारलं असेल, याचा विचार करत जेवते. संशय हा माझा धंदा आहे, आणि धंद्याच्या आधी तो माझा स्वभाव होता. दूधवाल्यानं न मागता मापाहून थोडं जास्त दूध घातलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते.

तर त्या सकाळी शेजारचे मामा दारात उभे राहिले. मुठीत पांढरी पिसं.

"ताई, तुमच्या मांजरानं माझं कबूतर खाल्लं."

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते. त्यांची आणि आमची गच्ची एकमेकींना लागून आहे, मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे त्यांची ढाबळ, म्हणजे कबुतरांचं लाकडी जाळीचं घर. तरुणपणापासून त्यांना कबुतरं उडवण्याचा नाद. आमच्याकडे कबुतरांच्या स्पर्धा होतात. सकाळी कबुतरं सोडायची, गच्चीवर पंच मान वर करून बसणार आणि ज्याचं कबूतर सगळ्यात जास्त वेळ वर टिकलं तो जिंकला. मामांचं सगळ्यात लाडकं कबूतर पांढरंशुभ्र होतं, शेपटीत एकच काळं पीस. तेच नाहीसं झालं होतं.

"कशावरनं आमच्या बोक्यानं खाल्लं?"

"ही पिसं तुमच्या गच्चीवर गावली. टाकीमागं. अजून काय पायजे?"

बोका तेव्हा माझ्या लिहिलेल्या कागदांवर झोपला होता. फाटका कान, राखाडी अंग, म्हातारपणानं जड झालेला. त्यानं एक डोळा उघडला, मामांकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. खरं सांगायचं तर त्याचं ते बघणं मलाही संशयास्पद वाटलं.

"अहो, याला आता झुरळ पकडता येत नाही."

मामांनी चष्मा काढला. "ताई, तुमची पुस्तकं म्या वाचल्यात. सगळी. त्यात चोर वाणी निघतोय, जावई निघतोय, एकदा तर पुजारी निघाला. मांजर कधीच न्हाय. एवढ्या मांजरातनं एक बी गुन्हेगार न्हाय? मला तवाच शंका आलती."

नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं लिहितेय, कुणा समीक्षकानं यावर बोट ठेवलं नव्हतं.

मग मामांनी निकाल सांगितला. रविवारी त्यांचा भाचा शिरोळहून टेम्पो घेऊन येणार होता. जाताना तो बोक्याला पोत्यात घालून नेईल आणि नदीकाठच्या उसात सोडेल. आमच्याकडे उपद्रवी मांजराला पोत्यात घालून पंचगंगेपलीकडे सोडायची रीत आहे. बहुतेक मांजरं वास घेत परत येतात. शिरोळच्या उसातून मात्र हा म्हातारा बोका कुठला परत येतोय!

मी वारणानगरला नवऱ्याला फोन केला. तो तिथं साखर कारखान्यात असतो, सुट्टीला घरी येतो. तो म्हणाला, "कशाला शेजाऱ्यांशी वाकडं घेतेस? दे की सोडून, दुसरं आणू." मी फोन ठेवून दिला. दुसरं आणू! हे घर दिवसभर रिकामं असतं तेव्हा माझ्याजवळ त्या बोक्याशिवाय कोण असतं? लिहिताना अडले की मी त्यालाच विचारते आणि तो काय म्हणेल ते लिहिते. तो गेला तर मला कुणाचं बोलणं ऐकू येणार होतं? भीती वाटली मला.

बोक्याला मी पलंगाच्या पायाला सुती दोरीनं बांधलं आणि गच्चीवर गेले.

टाकीमागे अजून काही पिसं होती. मी ती चष्म्याजवळ नेऊन बघितली. टोकं स्वच्छ, कुठं रक्त नाही, कुठं मोडलेलं नाही. आणि पिसांबरोबर बाजरीचे दाणे, वाळलेली शिट, थोडा भुसा. हे सगळं एका ढिगात, केरसुणीनं लोटून सुपलीत भरावं आणि ओतावं तसं. मांजर कबूतर खातं हे मान्य, पण बरोबर बाजरी घेऊन बसत नाही. हा ढाबळीतला केर होता. म्हणजे तो कुणीतरी आणून इथं टाकला होता, आणि त्या ढाबळीत मामांखेरीज कुणी शिरत नाही.

मामा खोटं बोलत होते. पण का? बोक्यावर त्यांचा राग असावा असं काही घडलं नव्हतं. उलट थंडीत तो त्यांच्याच ढाबळीच्या पत्र्यावर ऊन खात पडायचा आणि मामा त्याला काठीनं हलकेच सरकवून खाली झाडायचे.

त्या दिवसापासून मी मामांवर पाळत ठेवली. लाज वाटली नाही. खिडकीच्या पडद्याआडून, वाळत घातलेल्या चादरींमागून, मिरच्या वाळवायचं निमित्त करून. मामा सकाळी ढाबळ उघडायचे, दाणे टाकायचे, दुपारी झोपायचे. सगळं नेहमीसारखं. वेगळं एकच होतं. उन्हं उतरली की ते पश्चिमेकडच्या कठड्याशी जायचे आणि आभाळाकडे बघत उभे राहायचे. त्यांची सगळी कबुतरं तेव्हा ढाबळीत असायची. तरी एकदा त्यांच्या तोंडून शीळ निघाली. बारीक, लांब, कबुतराला खाली बोलावतात तशी. आणि मध्येच तोडली.

मी कान टवकारले. कबूतर मांजराच्या पोटात गेलंय, अशी ज्याची खात्री आहे तो माणूस आभाळाला शीळ कशाला घालेल?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बोक्याला कडेवर घेऊन गच्चीवर गेले. मामा कठड्याशी होते. पश्चिमेच्या घरांमागून एक थवा उठला. मला नुसते ठिपके दिसत होते. त्यातला एक ठिपका सुटा झाला, आमच्या गल्लीवर आला, एक गोल गिरकी घेऊन परत फिरला. बोक्याची मान त्याच्याबरोबर वळत गेली. मामांचीही. दोघांची अगदी एकाच वेगानं.

मला राहवलं नाही. "मामा, मेलेल्या कबुतराला शीळ घालताय व्हय?"

ते दचकले. मग आवाज चढवून म्हणाले, "आता आभाळ बघायला बी तुमची परवानगी पायजे का? रविवारी मांजर द्या म्हंजे झालं." आणि जिना उतरून गेले. जाताना ढाबळीची कडी लावायला विसरले. मामा आणि कडी विसरले! त्या एका गोष्टीनं माझा संशय पक्का झाला आणि का कोण जाणे, रागही थोडा उतरला.

इथं मामांच्या मुलाबद्दल सांगायला हवं. तो त्यांच्याच बरोबर वाढला, ढाबळीत. पांढरं कबूतर पिल्लू असताना त्यानंच ते हातावर दाणे घालून वाढवलं होतं. मागच्या हंगामात स्पर्धेच्या दिवशी हे कबूतर सगळ्यांच्या वर टिकलं होतं आणि दुपारी लांबवर शिकरा दिसला. शिकरा म्हणजे शिकारी पक्षी, कबुतरांचा काळ. मुलानं कुणाला न विचारता शीळ घातली, दाणे उधळले आणि कबूतर खाली उतरवून घेतलं. स्पर्धा गेली. मामा पंचांसमोर, गल्लीसमोर त्याला नाही नाही ते बोलले. "माझ्या घरात पाऊल ठिवू नगंस, म्या तुझ्या ठेवणार न्हाय." हे मी माझ्या गच्चीवरून ऐकलं होतं. महिना संपायच्या आत पोरगा बायकोला घेऊन पश्चिमेला रंकाळा तळ्याच्या बाजूला भाड्यानं राहायला गेला. तेव्हापासून मामा एकटेच आहेत.

या नादातल्या लोकांचा एक कायदा आहे. आपलं कबूतर दुसऱ्याच्या ढाबळीवर उतरलं की ते त्याचं झालं. मागायला जायचं नाही. गेला तो खाली मान घालून गेला. नवा मालक त्याचे पंख दोऱ्यानं बांधून ठेवतो, ते नव्या घराला सरावलं की मग सोडतो. मला हा कायदा माहीत होता, पण तो बोक्यावरच्या आळाशी जोडून बघायचं सुचलं नाही. माझ्या पुस्तकातल्या मांजरींनी दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं असतं.

रविवारी सकाळी भाच्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मी ठरवलं होतं, बोका देणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. केराची, पिसांची गोष्ट भाच्यासमोर काढायची. कणीक मळता मळता वाक्यं जुळवत होते. आतल्या खोलीत जाऊन बघते तर पलंगाच्या पायाला नुसती दोरी. मागचं दार उघडं.

तशीच धावले, कणकेचे हात घेऊन. गल्लीत मामा दिसले, पाठमोरे. खांद्यावर पोतं, आणि पोतं हलत होतं. मी हाक मारणार तोच ते टेम्पोजवळ पोचले आणि पुढे गेले. भाच्यानं काहीतरी विचारलं. मामांनी हात झटकला आणि रंकाळ्याच्या रस्त्याला लागले.

 रंकाळा! शिरोळचा ऊस परवडला असता. मी भिंतीच्या कडेकडेनं, पळावं की ओरडावं हे न कळून त्यांच्यामागे निघाले. ओरडले आणि त्यांनी घाईघाईत काही केलं तर? बोका आतून लांब सूर काढून रडत होता आणि येणारेजाणारे बघत होते. तळ्याचं पाणी दिसायला लागलं. 

पाण्याच्या अलीकडेच मामा एका बोळात वळले. एका दुमजली घराखाली थांबले आणि गल्ली गोळा होईल अशा आवाजात ओरडले, "हाय का कोन घरात?"

जिन्यावर त्यांचा मुलगा आला. बनियनवर, हातात दाण्यांची वाटी. बापाला बघून तो तिथंच थांबला. मी कोपऱ्यावरच्या स्कूटरमागे उभी राहिले.

मामांनी पोतं खाली ठेवलं, पण तोंड घट्ट धरलं. "तुझं ते पांढरं कबूतर ह्या मांजरानं खाल्लंय. ओळख पटवाय आणलंय."

पोरानं हलणाऱ्या पोत्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "खाल्लं न्हाय, बाबा. वर दानं टिपतंय."

"खोटं बोलू नगंस."

"वर येऊन बघा की."

"म्या कुनाच्या ढाबळीवर कबूतर मागाय जात न्हाय."

"मागू नका. मांजराची चौकशी कराय या."

मामा जिन्याकडे बघत उभे राहिले. पायरीला पाय लावला नाही. बोका आत धडपडत होता. मग त्यांनी विचारलं, आणि आता आवाज गल्ली गोळा करणारा नव्हता, "पंख बांधल्यास का त्याचं?"

"न्हाय. येक दिवस बी बांधलं न्हाय. रोज सांजच्याला सोडतोय. म्हटलं, जायचं आसंल तर जाऊ दे तुमच्याकडं. तुमच्या डोक्यावरनं फिरून परत येतंय."

"ठावं हाय मला. बघतोय की रोज."

 काय बोलून गेलो हे त्यांना उशिरा कळलं. पोराच्या हातातली वाटी कलली आणि दाणे पायऱ्यांवरून खाली घरंगळत आले. दोघांपैकी कुणीच खाली बघितलं नाही.

मग मामांनी मागे न वळताच हाक मारली, "ताई, या म्होरं. मांजर धरा तुमचं."

मी स्कूटरमागून बाहेर आले. पोतं हातात घेतलं. कणीक पोत्याला चिकटली. "सुटला का मग बोका?" मी विचारलं. 

"ह्यातनं सुटला," मामा म्हणाले. "पर वर आनू नका. वर कबुतरं हायत, आन् मांजराचा काय भरवसा न्हाय."

त्यांनी पायरीशी चपला काढल्या, कठड्याला धरलं आणि दाणे चुकवत एकेक पायरी वर चढायला लागले. पोरगा हात पुढे करून उभा होता. मामांनी तो धरला नाही. शेवटच्या पायरीवर धरला.