रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे करायचे. लग्नाआधीपासून तोच धंदा. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढायचं, ब्रेक तपासायचा, मग तळाच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावायचं. घरी आले की आधी हात घासत बसायचे आणि घासता घासता कुठल्यातरी सोसायटीच्या सेक्रेटरीचा उद्धार चालायचा. "म्हणे, लिफ्ट चालतेय ना व्यवस्थित, मग सर्व्हिसिंग कशाला! अरे बाबा, सर्व्हिसिंग होतंय म्हणून चालतेय ती!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

एरवी माणूस गरीब गाय. घरात आवाज चढवायचं काम माझ्याकडे, आणि ते मी चोख करते.

हृदयविकाराचा पहिला झटका कामावरच आला. थोडक्यात निभावलं. स्टेंट बसवला आणि डॉक्टरबाईंनी बाकीच्या औषधांबरोबर स्टॅटिनची गोळी लिहून दिली, रात्री जेवणानंतर एक. नीट समजावून सांगितलं बिचारीने. ही गोळी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी ठेवते, शिरांमधला थर वाढू देत नाही, पुन्हा झटका यायचा धोका बराच कमी करते. "काहींचे स्नायू दुखतात, क्वचित लिव्हरवर परिणाम होतो, साखर जराशी वर जाते. काहीही वाटलं तर मला सांगा. पण आपल्या मनाने बंद करू नका." हे मान डोलवत होते. मान डोलवण्यात यांचा हात कोणी धरणार नाही.

वर्षभराने तपासणी झाली. कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल. मी खूश, हे खूश. आणि त्याच रविवारी भावजी टपकले.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. रंगाचं दुकान आहे त्यांचं. पण हातात फोन आल्यापासून अख्ख्या जगाचे डॉक्टर झालेत. रिपोर्ट उलटासुलटा करून म्हणाले, "दादा, सगळं नॉर्मल आहे की! मग अजून ही गोळी कशाला गिळतोस? कंपन्यांचा धंदा आहे सगळा. लिव्हर पोखरते ती. पाय दुखतात ना तुझे? त्या गोळीनेच!"

पाय दुखतात म्हणे! जन्मभर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिने चढलेल्या माणसाचे पाय दुखणार नाहीत तर काय नाचणार? मी स्वयंपाकघरातून तेवढं ओरडले. भावजी हसले आणि मला वाटलं विषय संपला.

डोंबल संपला! रोज रात्री मी गोळी यांच्या हातावर ठेवायची, हे ती तोंडात टाकायचे आणि चूळ भरायला बेसिनकडे जायचे. नवरा दातांची काळजी घेतोय, असं मी समजत होते.

आणखी वर्षभराने दुसरा झटका आला तेव्हा हे एका इमारतीच्या मशीन रूममध्ये होते. खाली आणायलाच वेळ गेला. मी हॉस्पिटलात पोचले तोवर हे नळ्यांमध्ये गुंडाळलेले. दोन दिवसांनी जरा बोलायला लागले, तेव्हा डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघत विचारलं, "गोळी कधी बंद केलीत?"

मी ताडकन म्हटलं, "बंद? अहो, रोज मी स्वतः देते!"

बाई माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत होत्या. कोलेस्टेरॉल पुन्हा होतं तिथे जाऊन बसलं होतं.

"बेसिनमध्ये थुंकायचो," हे छताकडे बघत म्हणाले. "रिपोर्ट नॉर्मल होता ना."

माझं डोकंच फिरलं. शेजारी पेशंट आहेत, नवरा नळ्यांमध्ये आहे, कशाचं म्हणून भान राहिलं नाही. "लिफ्ट चालतेय, मग सर्व्हिसिंग कशाला? हेच ना? ज्या सेक्रेटऱ्यांना रोज शिव्या घातल्यात, त्यांच्याच रांगेत जाऊन बसलात की! गोळी घेत होतात म्हणून नॉर्मल होता तो रिपोर्ट!"

यांचा चेहरा खर्रकन उतरला. खरं सांगते, तोपर्यंत ते यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर डॉक्टरबाई शांतपणे बोलल्या. पाय दुखत होते तर सांगायचं होतं. रक्त तपासलं असतं, डोस कमी केला असता, दुसरी गोळी दिली असती. दुखणं गोळीमुळेच असतं असंही नाही, पुष्कळांचं कारण वेगळंच निघतं. लिव्हर तर वर्षभरापूर्वीच तपासलं होतं आणि ते ठणठणीत होतं. "गोळी घेतली असती तर झटका आलाच नसता, अशी हमी मी देणार नाही. पण धोका नक्की कमी झाला असता. आता हृदयाचा बराच भाग कामातून गेलाय. गोळी राहिलेलं सांभाळेल, गेलेलं परत आणणार नाही."

घरी आल्यावर मी यांना विचारलं, "गोळी सोडल्यावर पाय दुखायचे थांबले?"

"नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडली असतीस."

घ्या! म्हणजे मी चिडू नये म्हणून हे मरायला निघाले होते.

परवा भावजी आले. इतके दिवस तोंड लपवून बसले होते. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, मी आपलं माझं मत सांगितलं. भल्यासाठीच."

"मत तुमचं, हृदय यांचं," मी म्हटलं. "तुमच्या दुकानात दोन रंग एकत्र करायचे तर आधी डब्यावरचं वाचता. आणि सख्ख्या भावाच्या औषधाबद्दल डॉक्टरांना एक फोन करावासा नाही वाटला?"

"तुम्ही फार चिडता, वहिनी. अशाने तुम्हालाच काहीतरी होईल."

"होऊ दे! मला झालं तर मी डॉक्टरकडे जाईन. तुमच्याकडे येणार नाही!"

भावजी उठले. हेही उठले, भावाला दारापर्यंत सोडायला. पलंगापासून दार ते केवढं. निम्म्या वाटेत यांचा श्वास संपला. टेबलाची कड धरून उभे राहिले, ओठ निळसर झाले, कपाळावर घाम. भावजी दारातच थिजले आणि मान फिरवायला लागले.

"बघा," मी म्हटलं. "मान फिरवू नका. नीट बघा."

"जाऊ दे गं," हे म्हणाले, "त्याला." आणि एवढे चार शब्द बोलताना ते मध्येच श्वासासाठी थांबले.