वाटेतला थांबा

मंगळवार, १२ मार्च, इलोइलो. दुपारी शेजारच्या तिबोर्सियोचं अंत्यदर्शन, पुलापलीकडे त्याच्या लेकीच्या घरी. परतताना गाडी बंद पडली.

नणंदेची घाबरगुंडी मात्र फेलिसाबाईंनी डायरीत लिहिली नाही. पुलाच्या उतारावर इंजिन अचानक थांबलं, तेव्हा त्यांनी लुकलुकते दिवे लावले, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत ती कडेला आणली.

"वहिनी, मयताच्या घरून निघून आपण वाटेत कुठे थांबलोच नाही," तार्सिला कुजबुजली. "आता तो मागोमाग घरी येणार. मागेच बसलाय बघा."

"बसू दे. जन्मभर माझ्या गाडीत फुकटच बसला."

असं म्हणाल्या खऱ्या, पण मागे वळून त्यांनीही पाहिलं नाही. समोर बेकरी होती. पाहुण्याला तिथेच चकवायचं म्हणून दोघी कॉफी घेत मुद्दाम रेंगाळल्या. तोवर तापलेलं इंजिन निवलं होतं. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

"उतरला वाटतं," तार्सिला म्हणाली.

"उतरणारच. गोडाचा भारी नाद होता त्याला."

संध्याकाळी फेलिसाबाईंनी लिहिलं: जेवायला आम्ही दोघीच. भात थोडा उरला.