दोन ठोके

ओमेर लांबोत पहिल्यापासूनच मुका-मुका, अबोल माणूस होता, असं आता गावातली पोरंसोरं सांगतात. साफ खोटं. ओमेर पक्का बडबड्या होता. फक्त माणसांशी बोलणं त्याला फारसं जमत नसे. तो बोलायचा घोड्यांशी. सकाळी तबेल्याचं दार उघडलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते संध्याकाळी खुरं धुऊन होईपर्यंत. कुणाचं भांडण झालं, सूपमध्ये मीठ कमी होतं, पाद्र्याचं प्रवचन किती लांबलं, सगळं घोडीच्या कानात. त्याची बायको ओदिल म्हणायची, "आमच्या घरातलं काही विचारायचं असेल तर बिशेतला विचारा. मला कोण सांगतंय?"

मी नेस्तोर. बावीस वर्षं मी झाडं पाडली आणि ओमेरनं ती घोडीकडून ओढून काढली. बिशेत ही त्याची तिसरी घोडी. तांबूस, रुंद पाठीची, नऊशे किलोंची, आणि पाय टाकताना मात्र अंडी ठेवावीत इतकी अलगद.

आमच्या आर्देनच्या जंगलात ओढकामाच्या घोड्याला दोन लगाम नसतात, एकच दोरी असते. ती ताणून धरली की घोडा डावीकडे वळतो, बारीक झटके दिले की उजवीकडे. बाकी सगळं तोंडानं. चालायला 'ह्यू', थांबायला 'ओ', मागे सरकायला, दम धरायला, प्रत्येकाला आवाज. ओमेरचा 'ओ' खालच्या पट्टीतला होता, लांबलचक. तो ऐकला की बिशेत उचललेला पायसुद्धा हवेत धरून ठेवायची.

यंत्रं आली आणि आमचं काम आटलं. मग निसर्ग खात्याची माणसं आली. गावाखालच्या ओढ्याकाठी आमच्या आजोबांनी चर खणून दलदल वाळवली होती आणि तिथे सरळसोट स्प्रूस वृक्ष लावले होते. आता खात्याला ते सगळे काढून दलदल परत आणायची होती. आजोबांनी घाम गाळून घालवलेलं पाणी नातवांनी घाम गाळून परत आणायचं. मी हसलो होतो. पण त्या मऊ जमिनीत यंत्र घातलं की गुडघाभर चाकोऱ्या पडतात आणि तिथलं शेवाळ पुन्हा धरत नाही, त्यामुळे घोडाच हवा होता. पाच वर्षांचं काम. ओमेर बासष्टचा होता. हे माझं शेवटचं काम, बिशेतचंही, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. दोन हिवाळे आम्ही ते केलंही.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. चाळीस वर्षं सेम्वा नदीकाठचा काळा तंबाखू वळून ओढलेला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी मानेला भोक ठेवलं. आवाज जाणार हे त्याला माहीत होतं. शीळही जाणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. श्वास तोंडातून येतच नाही तर शीळ कशी वाजणार? ओठांचा चंबू करून तो परसात उभा होता आणि मानेवरचं फडकं नुसतं हलत होतं. ते मी पाहिलं.

इस्पितळानं गळ्याला लावायचं एक यंत्र दिलं होतं. ते घेऊन तो तबेल्यात गेला आणि घरघरत 'ओ' म्हणाला. बिशेत कान मागे टाकून भिंतीला जाऊन भिडली आणि थरथरायला लागली. यंत्र त्याच दिवशी फडताळात गेलं. तेव्हापासून ओमेरच्या खिशात शाळेतली पाटी आणि खडू.

पण हार मानणाऱ्यातला तो नव्हता. बापाचा जुना लाकडी बूट त्यानं कमरेला टांगला आणि हेझलच्या झाडाची काठी हातात घेतली. एक ठोका म्हणजे चाल. दोन ठोके, थांब. तीन, मागे. अख्खा शरद आणि अर्धा हिवाळा तो बिशेतला घेऊन कुरणात फिरला. गाव हसलं. पहिले काही आठवडे घोडी गवत खात उभी राहायची आणि तो ठोकत बसायचा. मग एके दिवशी ती दोन ठोक्यांवर थांबली. ओमेर तिच्या मानेला मिठी मारून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते आणि आवाज काहीच नव्हता. वर सुतारपक्षी ठोकत होता, तर यानं पाटीवर लिहिलं, "बघ, नवा भागीदार. पैसेही मागत नाही."

खात्यानं मात्र कळवलं, की विम्याच्या नियमानुसार घोडा हाताळणाऱ्याला तो क्षणात थांबवता आला पाहिजे. तेव्हा आम्ही येऊन बघू.

फेब्रुवारीत खात्याच्या अधिकारी आल्या. मादाम देल्व्हो, जंगल-अभियंता, बाई सरळ होती. बरोबर कागद धरायला दोघं. त्या सकाळी ओमेरनं माझ्यासमोर पाटी धरली: "आज करवत चालव. घोडीला एक शब्द नाही." मी म्हणालो, "अरे, मला काय वेड लागलंय?" त्यानं पाटी पुसली नाही, मी मान हलवेपर्यंत तशीच धरली. बिशेतनं बावीस वर्षं नसला तरी आठ वर्षं माझाही आवाज ऐकला होता. माझा 'ओ' तिला ठाऊक होता.

दोन तास सगळं सुरेख चाललं. ठोका, चाल. दोन ठोके, थांब. खडूनं रेघ ओढावी तसा नेमका ओंडका ती खुंटांमधून काढत होती. मादाम वहीत लिहीत होत्या आणि मधूनच हसत होत्या. शेवटचा ओंडका उतारावरचा, लांब. मादाम फोटो काढायला खालच्या अंगाला गेल्या. ओंडक्याचं मागचं टोक एका खुंटाला अडकलं आणि खाली, त्यांच्याकडे सरकू लागलं.

"ओ!"

माझ्या तोंडून गेलं. बिशेत जागच्या जागी थांबली. ओंडका अर्धा वळला, घसरला आणि मादामच्या बुटांपासून हातभर अंतरावर रुतला.

त्या पांढऱ्या पडल्या. मग माझ्याकडे आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "महाशय नेस्तोर, तुम्ही नसता तर आज मी मेलेच होते."

ओमेर पाटीवर लिहीत होता. खडू तुटला. उरलेल्या तुकड्यानं त्यानं लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली: "आणखी दोन पावलं हवी होती."

मी खुंटाकडे पाहिलं आणि मला कळलं. बिशेत आणखी दोन पावलं चालली असती तर ओंडका ताणून सरळ झाला असता आणि खुंटापासून वरच्या वर सुटला असता. ओमेरनं ते पाहिलं होतं म्हणून तो ठोकत नव्हता. ओंडका खाली घसरला तो मी घोडी थांबवली आणि ओढ सैल झाली म्हणून. जीव वाचवला कसला, मी तो जवळजवळ घेतला होता.

हे मी तिथेच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. अख्ख्या त्या उतारावर खणखणीत गळा असलेला आमच्यातला एकटा मीच होतो. पण ती बाई माझा हात धरून उभी होती, कागदवाले माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि मी गप्प बसलो. मादामनं पाटी वाचलीच नाही. त्या म्हणाल्या, घोडी तुमचं ऐकते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं, काम तुम्हीच का घेत नाही?

तिसऱ्या दिवशी मी फोन करून खरं ते सांगितलं. मादाम मवाळपणे म्हणाल्या, मित्राची बाजू घेता हे चांगलंच आहे, पण अहवाल वर गेला. त्या मला खोटारडा समजल्या, तेही मी खरं बोललो त्या एकाच वेळी.

मी काम नाकारायचं ठरवलं होतं. ओमेरच संध्याकाळी बिशेतला घेऊन माझ्या दारात आला. पाटीवर घरूनच लिहून आणलं होतं: "नुसती उभी राहिली तर हिला कसाई नेईल. तू ने." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं दोरी माझ्या हातात कोंबली आणि तो वळून निघाला. त्या रात्री ओदिलनं मला एवढंच विचारलं, "तुला बोलता येत होतं ना रे?"

मी घोडी हाताळायला लागलो आणि झाडं पाडायला दुसरा माणूस आला. दुसऱ्याच आठवड्यात तो एका स्प्रूसमागे पाचर ठोकत होता. कुऱ्हाडीच्या माथ्यानं दोन घाव घातले आणि दम घ्यायला थांबला. वाटेवरून जाणारी बिशेत गपकन थांबली. नेमकी झाड पडायच्या जागी. मी ओरडलो, दोरी ओढली, ती हलेना. दोन ठोके पडले होते. झाड जरा कललं म्हणून, नशिबानं तिच्या शेपटीमागे वीतभरावर पडलं.

ही गोष्ट मी ओमेरला सांगितली नाही. गावातून ओदिलच्या कानावर गेली आणि तिनं सांगितली असणार. दुसऱ्या सकाळी तो कमरेला बूट लावून कामावर हजर. खिसा गाजरांनी फुगलेला. पाटीवर: "ही सवय मोडायला हवी. ती माझ्याच हातानं मोडेल."

मग रोज तासभर आमचं ते सुरू झालं. मी बिशेतला 'ह्यू' म्हणायचो, ती चालायची, आणि मागून ओमेर दोन ठोके द्यायचा. ती थांबायची. थांबली की काही नाही. न थांबता चालत राहिली तर मी तिला गाजर द्यायचं. पहिल्या आठवड्यात एकही गाजर संपलं नाही. ती थांबायची, मान वळवून त्याच्याकडे बघायची, आणि मी 'ह्यू, ह्यू' ओरडत राहायचो. मी ओमेरला म्हणालो, सोडून देऊ या, गड्या. त्यानं काठीनं पुढे चालायची खूण केली.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दोन ठोके पडले. बिशेतचा एक कान मागे वळला, पुन्हा पुढे झाला, आणि ती चालत राहिली. ओमेरनं परत ठोकलं, जोरात. ती चालतच राहिली.

मी थांबवली तिला. खिशात गाजर शोधू लागलो, तेवढ्यात ओमेर जवळ आला. त्यानं बूट कमरेचा सोडला, काठी त्यात खोचली आणि ते खुंटावर ठेवून दिलं. मग स्वतःच्या खिशातली उरलेली सगळी गाजरं काढली आणि आपलं ऐकलं नाही म्हणून आपल्याच हातानं तिला एकेक भरवली.