रखमीची पोर

फोन आला तेव्हा आमची कंपनीची बस उर्से टोलनाक्यावर अडकली होती. ‘मावशी गेली,’ संपतदादा एवढंच बोलला. शेजारच्या बाईंनी माझा चेहरा पाहून काय झालं विचारलं. मी सांगितलं. ‘मावशी होय...’ म्हणताना त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांची तरी काय चूक? आमच्या मावळात पांढऱ्या केसांची कुठलीही बाई मावशीच असते. त्याला आता महिना होत आला.

माझी आई रखमी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. वलवणला मावशीच्या शेतात ती भाताच्या आवणीला, रोपं लावायला यायची. वडील माझ्या जन्माआधीच गेले आणि मी रांगायला लागण्याआधी आई तापानं गेली. मावशीनं मला घरी आणलं आणि तिच्या तान्ह्या लेकाच्या, संपतदादाच्या वाटणीचं दूध मला पाजलं. गावातले जाणते म्हणाले, आपलं आडनाव लाव, विषय संपला. मावशी ऐकेल तर शपथ! कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘पोर रखमीची. वाडवली मी.’ दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मला वाडीवर न्यायची, माझ्या आजीच्या मांडीवर बसवायची. डोंगर उतरताना मी फुरंगटून बसायची. मला सबंध मावशीची व्हायचं होतं.

खंडाळ्याहून मला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा संपतदादानं आधीच विनवलं होतं, ‘आये, आज तेवढं नको.’ पोहे पुढ्यात आले नाहीत तोच मावशीनं सगळं सांगून टाकलं. पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. मी कडाकडा भांडले. चार लोकांत एकदा लेक म्हणाली असतीस, तर जीभ झडली असती का? ती बशा विसळत होती.

‘तू माजी झालीस, तर रखमी कुटं जाईल गं? एकदा मेली, तेवढं लय झालं.’

पुढं ज्या घरी मला दिली, तिथं माझ्याविषयी कुजबुजायला कुणाला काही शिल्लकच नव्हतं. हे सुख केवढं मोठं, ते संसारात पडल्यावर कळलं. त्या एका हट्टासाठी मी मावशीची जन्माची ऋणी आहे.

शेवटी लोणावळ्याच्या दवाखान्यात तिला माणसं ओळखू येईनात. एका दुपारी सिस्टरनं विचारलं, ‘मावशी, या कोण?’ माझा हात धरून ती म्हणाली, ‘माजी लेक. पोटची.’ जे ऐकायला लहानपणापासून आसुसले होते, ते असं अवचित... मला रडू आवरेना. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मी तिच्या हाताखाली वाढलेली. म्हणाले, ‘न्हाई मावशी. मी रखमीची.’

तिनं मला निरखलं. मग हसली. ‘व्हय की... रखमीला सांग, पोर धड निघाली म्हणावं.’

सर्वपित्रीला मावशी माझ्या आईच्या नावानं एक पान वेगळं वाढायची. यंदा मी दोन पानं वाढणार आहे, शेजारी शेजारी. निरोप तिचा तिनंच द्यावा.