शिसे वाढले

आमच्या कारखान्यात लहान मुलांचे कोट शिवले जातात आणि ते सगळे परदेशी जातात. कोटांना बटणे लागतात. ती पुरवणाऱ्या गृहस्थांना आमच्या खरेदी विभागात 'होऊन जाईल' म्हणून ओळखतात. खरे नाव बिलावर छापलेले असते, पण ते कोणी वाचत नाही. मी त्यांना शेठ म्हणतो.

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही, हे व्रत त्यांनी वडिलांकडून दुकानाबरोबरच घेतले. हिरवी बटणे आहेत का? होऊन जाईल. सोमवारपर्यंत मिळतील? होऊन जाईल. आमच्या शिपायाने एकदा गंमत म्हणून विचारले, "काका, बिनभोकाचं बटण मिळेल का?" शेठ म्हणाले, "किती डझन?"

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली. पुढे फळीवर नमुन्यांचे पुठ्ठे, मागे बटणांना रंग देण्याचे यंत्र आणि रंग वाळवायच्या जाळ्या, त्याच्या मागे घर. यंत्रावर वहिनी बसतात. दुकानात अभद्र बोललेले शेठना चालत नाही. संध्याकाळी दुकान बंद होत नाही, वाढते. एवढे सगळेच म्हणतात, पण शेठनी ते फार लांबवर नेले आहे. त्यांच्याकडे दोरा संपत नाही, वाढतो. दिवा विझत नाही, वाढतो. त्यांच्याकडे पहिल्यांदा चहा घेताना "साखर वाढली" असे कानावर आले, तेव्हा मी निर्धास्तपणे आणखी एक चमचा मागितला होता.

पूर्वी त्यांच्या लाल बटणांच्या रंगात शिसे असे. मुलांच्या कपड्यांत ते चालणार नाही, असे परदेशी कंपनीने कळवले, तेव्हा मी शेठना सांगायला गेलो. मुले बटणे तोंडात घालतात, एवढेच बोललो. त्यांनी पुढे काही विचारले नाही. उरलेले डबे रंगवाल्याला परत गेले, जाळ्या बदलल्या, बिनशिशाचा रंग आला. बटणे प्रयोगशाळेतून तपासून आली, त्यांत काही सापडले नाही. लाल रंग जरा फिका पडला, इतकेच.

यंदा कंपनीने नवा फॉर्म पाठवला. दोनशेहून जास्त रसायनांची नावे, आणि प्रत्येकापुढे ते आपल्या मालात आहे की नाही हे पुरवठादाराने स्वतःच्या हाताने लिहायचे. भाषा कोणतीही चालेल, तिकडचा संगणक भाषांतर करून घेईल.

"प्रत्येकापुढे 'नाही' लिहायचं, शेठ. बाकी काही नाही."

"होऊन जाईल," ते म्हणाले.

फॉर्म गेला. आठवड्याने उत्तर आले. 'आपल्या बटण पुरवठादाराने कळवल्यानुसार शिसे वाढले आहे. पारा वाढला आहे. यादीतील सर्वच रसायने वाढली आहेत. प्रामाणिकपणाबद्दल आभार. वाढ किती व कशामुळे झाली, याचा खुलासा करून शुक्रवारपर्यंत नवा फॉर्म पाठवावा. अन्यथा पुरवठादार बदलावा.'

मी खुलासा लिहायला घेतला. 'आमच्या भाषेत एखादी वस्तू संपली की ती वाढते.' आमच्या साहेबांनी तेवढे वाचले आणि म्हणाले, "हे पाठवू नका. त्यापेक्षा पुरवठादार बदला."

बदलणे आम्हाला सोपे होते. शेठना आमच्याशिवाय दुसरे गिऱ्हाईक उरले नव्हते. बाकीचे सगळे बटणे सोडून चेनवर गेले होते.

मी कोरा फॉर्म घेऊन दुकानात गेलो.

"शेठ, हे काय लिहिलंत?"

"खरं तेच. शिसं होतं, ते वाढलं."

"आणि पारा? तो तर कधी नव्हताच."

"मग तोही वाढलेलाच की."

"तिकडे त्याचा अर्थ जास्त झाला असा घेतलाय."

"जास्त झालं असतं तर जास्त झालं म्हटलं असतं. वाढलं कशाला म्हणू?"

मी कोरा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, "शुक्रवारच्या आत 'नाही' लिहून गेलं पाहिजे."

"साहेब, दुकानात बसून दोनशे वेळा नाही लिहू? वडिलांनी एकदाही म्हटलं नाही."

"नाहीतर काम जाईल, शेठ."

ते नमुन्यांचे पुठ्ठे सारखे करत बसले. होऊन जाईल म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच झाले.

मागचे यंत्र थांबले. वहिनी हात पुसत बाहेर आल्या.

"आणा भाऊजी तो कागद. रंग कोण देतं?"

"तुम्ही."

"मग त्यात काय आहे नि काय नाही, ते मला ठाऊक की ह्यांना?"

"पण तुम्हाला चालेल का, नाही लिहिलेलं?"

"लग्न झाल्यापासून ह्यांना मी दुसरं काय म्हणतेय?"

"अगं, पण दुकानात..." शेठ म्हणाले.

"मी स्वयंपाकघरात बसते."

त्या ओट्यापाशी बसल्या, मी नावे वाचू लागलो. विचारल्याशिवाय त्या एकही 'नाही' लिहीत नव्हत्या. "हे कशाला घालतात?" प्लास्टिक मऊ करायला, मी म्हणालो. "आपली बटणं दगड आहेत. नाही." एका नावाशी अडल्या, तेव्हा रंगाच्या डब्याबरोबर आलेला कागद शोधून आणला, तपासला आणि मगच लिहिले.

"मोठ्याने तरी म्हणू नकोस!" पुढून शेठ ओरडले. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

शेवटचे पान चालू असताना वहिनींनी पेन झटकले. "अहो, शाई संपली."

"वाढली म्हण," पुढून आवाज आला. मग शेठ स्वतःच उठून आत आले, खिशातले आपले पेन काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि फॉर्मकडे न बघता परत जाऊन बसले.

वहिनींनी सही केली. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहू, म्हणाल्या. मी 'रसायन प्रमुख' सांगितले. तेच आता कंपनीच्या दप्तरी आहे.

फॉर्म शुक्रवारी सकाळी गेला आणि संध्याकाळी मंजूर झाला. खाली एक ओळ होती, 'इतक्या थोड्या अवधीत सर्व रसायने शून्यावर आणल्याबद्दल आपल्या पुरवठादाराचे अभिनंदन.' साहेबांनी ती फळ्यावर लावली. मी खुलासा केला नाही.

परवा मी दुकानात फोन केला. "शेठ, निळी बटणं बुधवारपर्यंत मिळतील?"

"होऊन जाईल."

"नाही," मागून वहिनींचा आवाज आला. "शनिवारी."

मी शनिवार लिहून घेतला.